घरविक्री आणि मध्यस्थाचे देणे
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



या व्यासपीठावरून दरवर्षी विद्वान वक्ते बोलतात. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंत झाले, प्राथमिक शाळेत मुलांना पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात सगळी हयात गेली, आणि आता निवृत्तिवेतनावर चरितार्थ चालतो. असे असता चिटणिसांकडे आम्ही आपण होऊन वेळ मागून घेतला, याचे पुष्कळांस नवल वाटले असेल. त्याचे कारण व्याख्यानाच्या शेवटी सांगू. विषय मात्र आरंभीच सांगतो. आपले राहते घर आपण स्वतःच गिऱ्हाईक गाठून विकले, तर दलालाला काही द्यावे लागते काय, आणि लागत असल्यास केव्हा व किती?

हा विषय क्षुल्लक आहे असे कोणी समजू नये. मध्यमवर्गीय मनुष्य आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घर विकतो. त्या एका व्यवहारात जेवढी रक्कम त्याच्या हातून जाते, तेवढी त्याने नोकरीच्या सबंध काळात एकत्र पाहिलेली नसते. आणि असा मनुष्य भाजी घेताना जितकी घासाघीस करतो, तितकीही चौकशी दलालाशी बोलताना करीत नाही.

आमच्या वडिलांच्या पिढीत पुण्यातील घरांचे सौदे ओळखीपाळखीने होत. वाड्यातील बिऱ्हाडकरू, कोपऱ्यावरचा दुकानदार किंवा घरचे उपाध्याय ‘अमक्याची जागा निघाली आहे’ असे सांगत, आणि सौदा जुळला तर नारळ व उपरणे देऊन त्यांचे ऋण फेडले जाई. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठच्या पेठांतून पाणी शिरले आणि कित्येक कुटुंबे गावाबाहेरच्या नव्या वसाहतींत राहावयास गेली. पुढे वाडे पडून इमारती उभ्या राहिल्या, शेजारी शेजाऱ्यास ओळखेनासा झाला, आणि ओळख करून देणे हाच एक धंदा झाला. ‘दलाल’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा उच्चारला जातो. परंतु अरबी भाषेतील त्याच्या मूळ धातूचा अर्थ वाट दाखविणे असा आहे. वाट दाखविणाऱ्याला मजुरी द्यावयाची की नाही, एवढाच आपला प्रश्न आहे.

आता आमची स्वतःची हकीकत सांगतो. नारायण पेठेत आमची दोन खोल्या व स्वयंपाकघर अशी सदनिका होती. निवृत्तीनंतर आम्ही उभयता कोथरुडास मुलाकडे राहावयास गेलो आणि ही जागा विकावयाचे ठरविले. २०२० च्या फेब्रुवारीत आम्ही एका तरुण मध्यस्थास बोलाविले. तो आपल्याच ज्ञातीचा, शिवाय आमच्या हाताखाली चौथीपर्यंत शिकलेला. त्याला म्हटले, ‘बाळ, एवढी जागा विकून दे. तुझे काय असेल ते शेकडा एक घे.’ तो ‘बरे, गुरुजी,’ म्हणाला. जागा रिकामी असल्याने चावी त्याच्या स्वाधीन केली. कागद केला नाही. गुरुशिष्यांत कागद कसला, असे आम्हांस वाटले. आणि हीच आमची पहिली चूक होय.

त्याने चार गिऱ्हाइकांना जागा दाखविली व तसे दूरध्वनीवरून कळविले. ती कोण, हे आम्ही विचारले नाही. मार्च महिन्यात टाळेबंदी आली आणि सर्वच थांबले. पुढे राज्य सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळापुरते मुद्रांक शुल्क शेकडा तीनने कमी केले, आणि दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांपुढे रांगा लागल्या. लोकांना घाई झाली, तशी आम्हांसही झाली. नोव्हेंबरात त्या तरुणाकडून आम्ही चावी मागून घेतली, ‘आता आम्हीच बघतो’ असे काहीही त्यास न सांगता एका दैनिकात छोटी जाहिरात दिली, आणि तिच्या शेवटी पुणेरी रिवाजाप्रमाणे दोन शब्द घातले: ‘मध्यस्थ क्षमस्व’.

आठ दिवसांत एका वयस्क गृहस्थांचा दूरध्वनी आला. मनुष्य सालस, बोलणे स्वच्छ. अडुसष्ट लाखांस सौदा ठरला. मुद्रांक शुल्कात त्यांचे दोन लाख चार हजार रुपये वाचावयाचे होते, म्हणून डिसेंबरच्या अखेरच्या आठवड्यात हवेलीच्या दुय्यम निबंधक कचेरीत खरेदीखत नोंदविले गेले. मध्ये कोणी नाही, दलाली नाही, अशा समाधानात आम्ही घरी आलो.

जानेवारीत तो तरुण कोथरुडास आला. त्याने रोजनिशी उघडून दाखविली. फेब्रुवारीतील एका रविवारची नोंद होती: वेळ, पत्ता, एका जोडप्याचे नाव. आडनाव आमच्या खरेदीदाराचेच होते. तो म्हणाला, ‘गुरुजी, घर त्यांनी प्रथम माझ्याबरोबर पाहिले.’ आम्ही उत्तर दिले की, एका आडनावाची माणसे पुण्यात शेकड्यांनी आहेत. आम्ही जाहिरात दिली, त्यात मध्यस्थ नको असे छापले, आमचे गिऱ्हाईक आम्ही मिळविले. तुझा संबंध काय? त्याने वाद घातला नाही. रोजनिशी मिटून, नमस्कार करून तो निघून गेला.

बंधुभगिनींनो, खरेदीदारास एक दूरध्वनी करून ‘आपल्या घरातील कोणी पूर्वी ही जागा पाहिली होती काय?’ एवढे विचारणे आम्हांस अवघड नव्हते. आम्ही ते विचारले नाही. उत्तर काय येईल याची शंका होती, म्हणूनच विचारले नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. आमचे मेहुणे शिवाजीनगरच्या न्यायालयात वकिली करतात. त्यांच्याकडून समजून घेतले ते आमच्या भाषेत सांगतो. १८७२ चा भारतीय करार अधिनियम आजही या विषयाचा पाया आहे, आणि त्याच्या दहाव्या प्रकरणात मालक व अभिकर्ता, म्हणजे काम सांगणारा व त्याच्या वतीने काम करणारा, यांचे संबंध दिले आहेत. मेहुण्यांनी आम्हांस तीन प्रश्न विचारले.

पहिला प्रश्न: ‘दाजी, त्याला तुम्ही काम सांगितले होते काय?’ सांगितले होते. मग कागद नाही म्हणून सुटका नाही. कलम १८७ प्रमाणे असा अधिकार बोलण्यातून, लेखातून किंवा नेहमीच्या वागण्यातूनही सिद्ध होतो. घर विकण्याचे खत लेखी व नोंदणीकृत लागते. गिऱ्हाईक शोधण्याचे काम सांगण्यास ते लागत नाही. फरक इतकाच की, लेखी असेल ते दाखविता येते, तोंडी असेल ते सिद्ध करावे लागते.

दुसरा प्रश्न: ‘त्याचे काम पुरे झाले होते काय?’ कलम २१९ म्हणते की, वेगळा करार नसेल तर काम पुरे झाल्यावाचून मेहनताना देय होत नाही. म्हणजे नुसते चार लोकांना घर दाखविले आणि त्यांपैकी कोणी घेतले नाही, तर दलालाला पायपिटीबद्दल काही मागता येत नाही. परंतु त्याने दाखविलेल्या माणसानेच अखेर घर घेतले, आणि ते त्याच्या दाखविण्यामुळे घेतले, तर शेवटची बोलणी मालकाने स्वतः केली म्हणून त्याचा हक्क बुडत नाही. सौदा मुख्यतः कोणाच्या खटपटीमुळे जुळला, याचा विचार न्यायालय करते. गिऱ्हाईक सुनेऐवजी सासऱ्याच्या नावाने आले म्हणून ते नवे होत नाही.

तिसरा प्रश्न: ‘त्याचे काम काढून घेतल्याचे त्यास कळविले होते काय?’ येथे आम्ही अडखळलो. मालकाला दिलेला अधिकार परत घेता येतो. कलम २०७ प्रमाणे तो कृतीनेही परत घेता येतो, आणि चावी मागून घेणे ही तशी कृती म्हणता येईल. पण कलम २०८ प्रमाणे, काम काढून घेतल्याचे त्या माणसाला कळेल तेव्हाच त्याच्यापुरते ते निघते. आणि काढून घेतले तरी आधी केलेले काम पुसले जात नाही. जाहिरातीतील ‘मध्यस्थ क्षमस्व’ हे शब्द नव्या दलालांस दार बंद करतात. ज्याला आपणच आत बोलावले होते त्याचे जुने देणे त्यांनी फिटत नाही.

शेवटी मेहुणे म्हणाले, ‘त्याने दावा लावला तर त्याच्यापाशी एक रोजनिशी आणि तुमच्यापाशी एक जाहिरात. निकाल कोणत्याही बाजूने लागेल. दाव्याला मुदत तीन वर्षांची आहे. पण दाजी, तुम्ही मला कायदा विचारलात. देणे आहे की नाही, ते तुम्हांला माझ्याहून अधिक ठाऊक.’

करारातील एका ओळीने केवढा फरक पडतो, याची दोन गाजलेली उदाहरणे आहेत. इंग्लंडात ईस्टबोर्नच्या लक्झर कंपनीविरुद्ध कूपर नावाच्या मध्यस्थाने दावा लावला होता. चित्रपटगृहांची विक्री पुरी झाली म्हणजे त्यास दहा हजार पौंड मिळावयाचे होते. त्याने घेणारा आणला, पण मालकांनी विक्रीच केली नाही. तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ठरविले की, ‘विक्री पुरी झाल्यावर’ असा शब्द असता विक्री झालीच नाही, तर मेहनताना नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या देशातले आहे. कलकत्त्यातील एका घराच्या विक्रीसाठी मालकाने १९४३ साली दलालास पत्र दिले: मुदत एक महिना, एक लाख पाच हजारांस गिऱ्हाईक मिळवून दिल्यास एक हजार मेहनताना, आणि त्यावर एक लाख दहा हजारांपर्यंत किंमत चढेल तो वाढावा दलालाचा. दलालाने मुदतीत एक लाख दहा हजारांचे गिऱ्हाईक आणले. मालकाने तो सौदा त्या किमतीस पुरा न करता पुढे घर कमी किमतीस विकले. अब्दुल्ला अहमद विरुद्ध अनिमेंद्र किशन मित्तर या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९५० साली न्यायालयाने सांगितले की, पत्रात ‘गिऱ्हाईक मिळवून दिल्यास’ असे शब्द आहेत, गिऱ्हाईक मिळवून दिले गेले, सबब मेहनताना देय झाला. त्याच निकालात असेही ठरले की, गिऱ्हाईक शोधण्याचा अधिकार म्हणजे मालकाच्या वतीने विक्रीचा करार करून त्यास बांधून टाकण्याचा अधिकार नव्हे. एकूण काय, ‘विक्री झाल्यावर’ आणि ‘गिऱ्हाईक आणल्यावर’ या दोन शब्दप्रयोगांत हजारो रुपयांचे अंतर आहे. शाळेत मुलांना आम्ही शब्दयोगी अव्यये शिकविली. त्यांची किंमत आम्हांस अशी उशिरा कळली.

पण दलालाची प्रत्येक मागणी मान्य करावी असे मात्र कोणी समजू नये. काही ठिकाणी देणे मुळीच नसते. ज्याला आपण काम सांगितले नाही, त्याने आपल्या घराची माहिती परस्पर दहा जणांना कळविली आणि मागाहून टक्का मागितला, तर त्याच्याशी आपला करार नाही. मात्र त्याने आणलेले गिऱ्हाईक मध्यस्थाचे आहे हे जाणून आपण त्याच्या खटपटीचा लाभ उठविला, तर कलम ७० प्रमाणे, फुकट करावयाच्या हेतूने न केलेल्या कामाचा मोबदला देण्याची पाळी येऊ शकते. म्हणून अशा माणसास दारातच स्पष्ट नकार द्यावा. मध्यस्थास काम सांगितले, पण तो एकटाच विकील असे कबूल केले नाही, आणि आपल्या भाच्याने त्याच्या खटपटीवाचून घर घेतले, तर देणे नाही. मध्यस्थाने कामात लबाडी केली, तर कलम २२० प्रमाणे त्या कामाचा मेहनताना तो गमावतो. आणि त्याने दुसऱ्याच्या नावावर स्वतःच आपले घर घेतले व ही गोष्ट लपविली, तर तो व्यवहार नाकारण्याचा हक्क कलम २१५ आपणांस देते.

दोन्ही बाजूंकडून टक्का घेण्याची चाल पुण्यात सर्रास आहे. घेणाऱ्याकडून एक, विकणाऱ्याकडून एक, क्वचित दोन दोन. उभयतांना ठाऊक असेल तर त्यात पाप नाही; लपविले असेल तर तो मनुष्य नक्की कोणासाठी भांडत होता, असा प्रश्न उभा राहतो. म्हणून हे आधी विचारून घ्यावे.

काही मंडळी म्हणतील, आता महारेरा आहे, मग भय कसले? २०१६ चा स्थावर संपदा अधिनियम झाला, २०१७ पासून महाराष्ट्रात नियामक प्राधिकरण काम करू लागले, आणि मध्यस्थांना नोंदणी लागू झाली. २०२३ पासून त्यांना प्रशिक्षण व परीक्षाही आली. ही उत्तम गोष्ट आहे. परंतु ही नोंदणी मुख्यतः प्राधिकरणाकडे नोंदलेल्या नव्या प्रकल्पांतील विक्रीसाठी आहे. पेठेतील तीस वर्षांची जुनी सदनिका एका खाजगी गृहस्थाने दुसऱ्या खाजगी गृहस्थास विकली, तर तेथे तुमचा आधार तुमचा करारच. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांना ठाऊक असेल की, तेथेही दलालीच्या रिवाजावरून मोठे दावे झाले. २०२४ साली मध्यस्थांच्या राष्ट्रीय संघटनेने ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि त्या वर्षीच्या ऑगस्टपासून खरेदीदाराला घरे दाखविण्यापूर्वी त्याच्याशी लेखी करार करणे तेथील मध्यस्थांस भाग पडले. एवढ्या पुढारलेल्या देशासही अखेर कागदावरच यावे लागले.

तेव्हा आमची सूचना अशी. मध्यस्थ ज्ञातीचा असो, नात्याचा असो, विद्यार्थी असो. अर्धा पान कागद करावा आणि दोघांनी सह्या कराव्यात. त्यात इतके असावे: टक्का किती आणि तो कोणत्या रकमेवर; वस्तू व सेवा कर लागू असल्यास तो शेकडा अठरा त्यात धरला आहे की वेगळा; पैसे विसारपावतीच्या वेळी द्यावयाचे, साठेखताच्या की खरेदीखताच्या; मुदत किती महिन्यांची; त्या मुदतीत मालकाने स्वतः विकल्यास काय; आणि मुदत संपल्यावर, त्याने पूर्वी दाखविलेल्या माणसाने घर घेतल्यास काय. हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे. त्यासाठी दाखविलेल्या गिऱ्हाइकांची नावे दर आठवड्यास लेखी मागून घ्यावीत. छापील कागद पुढे आला, तर बारीक अक्षरांतील मजकूर चष्मा लावून वाचावा. काम काढून घेणे झाल्यास दोन ओळींचे पत्र द्यावे व पोच घ्यावी. स्वतः विकावयाचे असल्यास खरेदीदारास विसार घेण्यापूर्वीच विचारावे की, ही जागा आपणास किंवा आपल्या घरच्यांस कोणी दाखविली होती काय. आणि ते उत्तर साठेखतात लिहून घ्यावे. दलाली धनादेशाने द्यावी व पावती घ्यावी. भांडवली नफ्यावरील कराचा हिशेब करताना विक्रीसाठी झालेला हा खर्च वजा मिळतो; पावती नसेल तर तो दाखविणार कसा?

आता हकीकतीचा शेवट. २०२२ च्या चैत्रात खरेदीदारांच्या सूनबाईंनी आमच्या सौभाग्यवतींना हळदीकुंकवास बोलाविले. आपल्याच जुन्या घरात पाहुणी म्हणून जाऊन, आंब्याची डाळ व पन्हे घेऊन त्या परत आल्या आणि पायरीवरच म्हणाल्या, ‘अहो, त्या पोराचे खरे होते.’ सूनबाईंनी सहज बोलता बोलता सांगितले होते की, ‘काकू, आम्ही दोघांनी आधी त्या मध्यस्थांबरोबरच जागा पाहिली होती. पुढे मामंजींनी जाहिरात ओळखली आणि म्हणाले, मी फोन करतो, दलाली वाचेल.’

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या तरुणास बोलावून धनादेशाचे पुस्तक पुढे ठेवले. अडुसष्ट लाखांवर शेकडा एक म्हणजे अडुसष्ट हजार होतात. तो म्हणाला, ‘गुरुजी, सोसायटीचे कागद, निबंधकाची कचेरी, हे काही मी केले नाही. चौतीस द्या.’ आम्ही चौतीस हजारांचा धनादेश लिहिला, त्याने पावती लिहिली. खरेदीदारांनी आपल्या बाजूचे काय केले, ते त्यांचे त्यांना ठाऊक.

पावती देताना तो म्हणाला, ‘पैशाचे मिटले. पण मंडळात जे बोललात, तेवढे परत घ्या.’

कारण २०२१ च्या जानेवारीत, तो घरून गेला त्याच आठवड्यात, मंडळाच्या एका छोट्या बैठकीत आम्ही त्याचे नाव घेऊन म्हटले होते की, हा मनुष्य न केलेल्या कामाची दलाली मागतो, त्याच्यापासून सावध राहा. बैठकीस दहाबारा सभासद होते. त्यांनी ते आणखी कोणाकोणास सांगितले असेल, याचा हिशेब नाही. शिक्षकाचा शब्द ज्ञातीत चालतो, म्हणूनच तो लागला. त्यानंतर ज्ञातीतील दोन घरांनी त्याच्याकडे सोपविलेले काम काढून घेतले, असे आम्हांस मागाहून समजले. दावा त्याने लावला नाही. लावला असता तर रक्कम न्यायालयाने ठरविली असती. या नुकसानीची रक्कम कोणी ठरवावी?

पैसे देण्यास आम्हांस एक दिवस लागला. हे चार शब्द सभेत उच्चारण्यास मात्र इतकी वर्षे लागली. दरवर्षी संमेलन आले की पुढच्या वर्षी बोलू असे वाटे. आज वेळ मागून घेतला तो यासाठीच. त्या बैठकीत आम्ही जे बोललो ते खोटे होते. त्याने काम केले होते आणि मागणी रास्त होती. येथे त्याचे नाव घेत नाही, कारण ज्यांनी त्या दिवशी ते ऐकले त्यांस ते ठाऊक आहे, आणि ज्यांनी ऐकले नाही त्यांनी ते या निमित्ताने ऐकू नये. त्या दहाबारा सभासदांना हात जोडून विनंती की, आमचे पहिले बोलणे त्यांनी ज्यांना ज्यांना सांगितले, त्यांना त्यांना हे दुसरेही सांगावे.